जाहिरात निघायच्या आत

पोस्टडॉकची जाहिरात निघाली की अर्ज करू, असं म्हणून बसू नको बाई. जाहिरात निघते तेव्हा निम्मं काम उरकलेलं असतं. प्रकल्प मंजूर झालेला असतो, पहिला हप्ता जमा झालेला असतो, कोणतं काम येणारं माणूस पाहिजे हे प्रकल्पवाल्या सरांनी मनाशी ठरवलेलं असतं, आणि बरेचदा एक-दोन नावंही त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. समिती बसते, मुलाखत होते, गुण दिले जातात. पण जिनं सहा महिने आधी पत्र लिहून त्यांच्या कामाबद्दल एक धड प्रश्न विचारला होता, तिचं नाव यादीत आलं की टेबलापलीकडचा एक माणूस तरी कागदावरून मान वर करतो. तेवढ्यावर जागा मिळत नाही, पण बोलणं तिथून सुरू होतं.

मी शास्त्रज्ञ नाही, हे तुला ठाऊक आहे. नोकरीभर विद्यापीठाच्या कचेरीत संशोधन प्रकल्पांच्या फायली हाताळल्या. बुरशी कशी वाढवायची ते तुझ्या मॅडमना विचार. फेलोशिप कुठं अडते आणि कशी सुटते, ते मोठ्या बाबांना, म्हणजे मला विचार.

सगळ्यात आधी पैसा कुणाच्या नावावर आहे ते पाहायचं. सरांच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून लागलीस तर पैसा सरांचा, विषय सरांचा, आणि प्रकल्प संपला की पद संपलं. स्वतःची फेलोशिप आणलीस तर विषय तुझा आणि मंजुरीचा कागदही तुझ्या नावाचा. त्यात एएनआरएफची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहे, तुमच्या जीवशास्त्रवाल्यांसाठी डीबीटीची रिसर्च असोसिएटशिप आहे. एएनआरएफ म्हणजे पूर्वीचं सर्ब. 2023 च्या कायद्यानं ते नव्या प्रतिष्ठानात विलीन झालं, त्यामुळे जुन्या पोरांनी सर्ब म्हटलं तर गोंधळू नको. आणखी एक वाट म्हणजे मोठ्या संस्था आपल्याच तिजोरीतून पोस्टडॉक ठेवतात ती : आयआयटी मुंबई, बंगळूरची आयआयएस्सी, टीआयएफआर, पुण्याची आयसर. तिथं चुरस मोठी.

आपल्याकडची पोरं पहिल्याच वाटेला लागतात, कारण तिचीच जाहिरात दिसते. दुसऱ्या वाटेला जाहिरातीची नाही, तुझ्या स्वतःच्या प्रस्तावाची गरज असते. आपण कुणाच्या तरी जागेवर बसायचं, स्वतःची जागा घेऊन जायचं नाही, ही आपली जुनी खोड.

आता प्रकल्पाची जाहिरात कशी वाचायची ते सांगतो. एक पद, रिसर्च असोसिएट, ‘निव्वळ तात्पुरते, प्रकल्पाच्या मुदतीपुरते’. वर प्रकल्पाचं लांबलचक नाव, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख. सगळे मानधनाचा आकडा आधी पाहतात. तू मंजुरीची तारीख पाहा. प्रकल्प तीन वर्षांचा आणि मंजुरीला दोन वर्षं होऊन गेली असतील, तर तुझ्या वाट्याला उरलं एक वर्ष. बहुतेक वेळा आधीचं माणूस सोडून गेलेलं असतं. ते काऊन गेलं, हे विचारायला लाजू नको. चांगली नोकरी लागून गेलं असेल तर ती जागा बरी समज. भांडून गेलं असेल तर त्याला फोन करून त्याचीही बाजू ऐक.

मग मानधन. केंद्राच्या 2023 च्या आदेशानं 1 जानेवारी 2023 पासून रिसर्च असोसिएटला पहिल्या पायरीवर 58,000, दुसरीवर 61,000 आणि तिसरीवर 67,000 रुपये महिना ठरले. घरभाडं वेगळं, आणि शहर मोठं तसा घरभाड्याचा टक्का मोठा. जाहिरातीत अजून 47,000 दिसले तर तो 2019 चा दर आहे. प्रकल्प जुन्या दरानं मंजूर झालेला असेल. सुधारित दर लागू होईल का, हे मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का’ म्हणतात तेव्हा शांतपणे विचारायचं. यात काही उद्धटपणा नाही. कोणत्या पायरीवर घेणार हेही विचार. अनुभव असताना पहिल्या पायरीवर बसवलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांनी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही.

हे पद म्हणजे आपल्या वावरातल्या सालदारासारखं आहे. पाडव्याला साल ठरतं, साल भरलं की पुन्हा बोलणी. मालक पुढच्या सालाचं काही बोलेना, तर शहाणा सालदार फाल्गुनातच दुसरं घर पाहून ठेवतो. तुझी मुदत मार्चअखेर संपत असेल तर दिवाळीतच सरांना विचार : मुदतवाढीचा प्रस्ताव जाणार आहे का? ‘बघू’ हे उत्तर नाही, हे मी कचेरीतल्या माणसाच्या अनुभवानं सांगतो.

पैसा का अडतो, तेही समजून घे. म्हणजे उगाच कुणाच्या नावानं बोटं मोडणार नाहीस. दिल्लीहून पहिला हप्ता येतो. पुढचा हप्ता यायला आधीच्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, आणि खर्चाचं विवरण जावं लागतं. त्यावर मार्गदर्शकांची सही, वित्त विभागाची सही, कुलसचिवांची सही. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि कचेरीत त्यानंतरचे दोन-तीन महिने सगळ्यांचेच कागद एकाच टेबलावर येऊन पडतात. ज्याचा कागद मेच्या पहिल्या आठवड्यात आला त्याचा पैसा आधी सुटतो, आणि ज्याच्या सरांना यूसी पाठवायची आठवण ऑगस्टमध्ये झाली त्याचा पोस्टडॉक दसऱ्यापर्यंत उधारीवर जगतो. म्हणून खर्चाचा हिशेब सरांवर सोडू नको. कोणतं रसायन कधी घेतलं, बिल कुठं आहे, किती रक्कम उरली, याची वही स्वतः ठेव. एप्रिलमध्ये तयार विवरण त्यांच्यापुढे ठेवलंस तर ते फक्त सही करतील, आणि मनातून आभारही मानतील.

रुजू झाल्याचा अहवाल त्याच दिवशी पाठव. फेलोशिप रुजू झाल्या तारखेपासून मोजतात. अहवाल कपाटात राहिला तर पुढचं सगळं लांबतं. आणि पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरून करूनच निघ. त्यासाठी तुझ्या बाबांशी मी बोललो आहे, तुरीचे पैसे आले की बाजूला ठेवतील. महिन्याच्या महिन्याला फेलोशिप येईल या भरवशावर हप्त्यानं गाडी वगैरे काही घेऊ नको बाप्पा.

आता एक गोष्ट तुमच्या पिढीला कुणी वेळेवर सांगत नाही. पीएच.डी. झाली त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिप पोस्टडॉकसाठी डॉक्टरेटनंतर चार वर्षांच्या आत मागावी लागते. फुलब्राइट-नेहरूच्या पोस्टडॉकचंही चारच वर्षांचं आहे. जपानची जेएसपीएस सहा वर्षं देते. युरोपची मेरी क्युरी डॉक्टरेटनंतरचा आठ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव धरते, आणि तिची शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात असते. आपली नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप वय पाहते : 35 वर्षं, आणि महिलांना व राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. ती आयुष्यात एकदाच मिळते. डीएसटीची इन्स्पायर फॅकल्टीही वय पाहते, साधारण 27 ते 32. अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वर्षीची नियमावली तूच वाच. मागच्या वर्षी अर्ज केलेल्या मैत्रिणीच्या भरवशावर राहू नको.

या घड्याळाचं मी का सांगतो? आपल्याकडे पीएच.डी. झालं की पोरगं जवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर लागतं. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, घरी राहायला मिळतं, लोक सर म्हणतात. पाहता पाहता चार वर्षं जातात. मग एक दिवस ते हम्बोल्टची माहिती घेऊन येतं, तेव्हा तारीख निघून गेलेली असते. सीएचबी वाईट आहे असं नाही, पोट भरावंच लागतं. पण ते करायचं असेल तर किती दिवस करायचं हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून मगच सुरू कर.

मास्तरकीची आस असेल, तरी पोस्टडॉक वाया जात नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला बोलवायच्या यादीसाठी जो गुणतक्ता दिला, त्यात अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत, जास्तीत जास्त दहा. म्हणजे पाच वर्षांनंतर या रकान्यात एकही गुण वाढत नाही. शोधनिबंध वाढत असतील तर त्यापुढे राहा. नुसतीच वर्षं वाढत असतील तर उठ. आणि नेट-सेट राहिलं असेल तर आताच उरक. 2023 मध्ये यूजीसीनं सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता केली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठेवली. डॉक्टर झाल्यावर नेटला बसायची लाज वाटते, हे मी बऱ्याच पोरांच्या तोंडून ऐकलं. लाजेचे गुण तक्त्यात नाहीत.

पत्र कसं लिहायचं, हे मात्र नीट बसून ऐक. आपली पोरं एकच पत्र चाळीस जणांना पाठवतात, आणि एकानं तर सगळ्यांचे पत्ते दिसतील असंच पाठवलं होतं. ‘आदरणीय महोदय, मला आपल्या नामांकित संस्थेत संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे.’ असं पत्र कुणी वाचत नाही. तुझं पत्र असं पाहिजे : मी तुरीच्या मर रोगावर, फ्युजेरियम उडम या बुरशीवर पीएच.डी. केली. माझ्याकडे अमरावती आणि यवतमाळच्या वावरांतून गोळा केलेले नमुने आहेत आणि त्यांचं वर्गीकरण झालेलं आहे. आपला अमुक साली आलेला निबंध वाचला. त्यात रोगप्रतिकारक वाण दक्षिणेतल्या मातीत टिकल्याचं लिहिलं आहे, माझ्या नमुन्यांपैकी काहींपुढे तो टिकत नाही. हे दोन्ही एकत्र तपासता येईल का? मी अमुक महिन्यापासून मोकळी आहे, आणि एएनआरएफच्या पुढच्या फेरीत आपल्या मार्गदर्शनाखाली अर्ज करायची माझी तयारी आहे. बस. एक पान. सोबत दोन पानांचा परिचय आणि तुझा सर्वांत चांगला एक निबंध. सगळे नको, एकच.

वाणाचं ते वाक्य मी उदाहरणादाखल लिहिलं, तुझ्या आकड्यांत जे खरं निघालं असेल तेच लिही. या पत्रात एक गोम आहे. बुरशीचे नमुने ही तुझी कमाई आहे. हैदराबादेत बसलेल्या माणसाला आपल्या नांदगावची माती मिळत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रं असतात, आपल्याकडे मर लागलेलं वावर असतं. आपण गरीब ठिकाणाहून आलो असं पत्रात कुठंही दिसू देऊ नको. जे आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते पहिल्या चार ओळींत यायला पाहिजे.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण दे. पुन्हा नाही आलं तर सोड.

शिफारसपत्रासाठी तुझ्या मॅडम आहेतच. दुसरं नाव मात्र त्याच विभागातलं देऊ नको. व्हायव्हाला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना लिही. त्यांनी तुझा अख्खा प्रबंध वाचला आहे, तुला उलटे प्रश्न विचारले आहेत, आणि तुझ्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. आपली पोरं व्हायव्हा झाली की परीक्षकांना बडनेऱ्याला गाडीत बसवतात आणि विसरतात.

जाणार कुठं? हे मी तुला ठरवून देणार नाही, पण एक गोष्ट ठाम सांगतो. ज्या विभागात एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, त्याच विभागात पोस्टडॉक करू नको. मॅडम चांगल्या आहेत म्हणून तर मुळीच नको. दहा वर्षांनी निवड समितीत कुणीतरी विचारणारच की या बाईंनी स्वतःचं असं काय केलं. तुझ्या विषयाला हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे. मर रोगाला तोंड देणारी ‘आशा’ तूर तिथलीच. कानपूरला कडधान्यांची राष्ट्रीय संस्था आहे. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तर घरचंच, 1969 पासूनचं. रेणूंच्या पातळीवर काम करायचं असेल तर पुण्यात एनसीसीएस आहे, एनसीएल आहे. नागपुरात कापूस संशोधन संस्था आणि नीरी आहे. तुझा विषय तिथं तंतोतंत बसत नसला, तरी मातीतले जीवाणू-बुरशी जाणणारं माणूस तिथं उपयोगाचं आहे, म्हणून विचारून पाहा.

परदेशी जायला घरचे बिचकतात. त्यांना सांग, पापळ आपल्याच तालुक्यातलं. 1898 साली तिथं जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकून, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून 1926 साली परत आले, आणि 1932 साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्या काळात अमरावतीत विद्यापीठच नव्हतं. स्वतंत्र विद्यापीठ झालं ते 1983 मध्ये. तुला तर पीएच.डी. घरापासून एसटीनं जाऊन-येऊन करता आली. अमेरिकेचं सध्या जपून पाहा. 2025 च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारनं नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. पोस्टडॉक बहुधा जे-1 वर जातात, तरी कोणता व्हिसा देणार आणि त्याला मायदेशी परतण्याची अट लागते का, हे पत्रात लेखी विचारून घे.

प्रयोगशाळा निवडताना सरांचं नाव मोठं आहे एवढ्यावर भुलू नको. त्यांच्याकडून बाहेर पडलेले मागचे तीन-चार पोस्टडॉक आज कुठं आहेत ते शोध. निबंधांवर पहिलं नाव कुणाचं असतं ते पाहा. पोस्टडॉक येतो आणि दोन वर्षांत एकही निबंध त्याच्या पहिल्या नावानं निघत नाही, असं तीनदा दिसलं तर चौथी तू होऊ नको. निबंधाचंही तसंच. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुझी. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नको. आणि पोस्टडॉकची जागा देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा, असा मेल आला तर तो कोणत्याही विद्यापीठाच्या नावानं आलेला असो, सरळ पुसून टाक.

कागदांचं थोडक्यात. पदवीदान समारंभाची वाट पाहू नको, अधिसूचना निघाली की तात्पुरतं प्रमाणपत्र काढ. यूजीसीच्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी. झाल्याचं प्रमाणपत्र कुलसचिवांच्या सहीनं आताच घे, कारण पाच वर्षांनी ते मागायला गेलीस तर टेबलावरचा माणूसच बदललेला असतो. आपल्याला ओबीसीची सवलत केंद्राच्या जागेसाठी हवी असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा नॉन क्रिमीलेअर दाखवून पोरं मुलाखतीच्या दारातून परत आलेली आहेत. थेट मुलाखतीला प्रवासखर्च मिळत नाही हे गृहीत धर. ऑनलाइन घेता येईल का, हे एकदा विचारून पाहायला पैसे लागत नाहीत.

राहिलं घरचं. ‘पोरगी अजून शिकूनच रायली काय?’ असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की तुझी आई कानकोंडी होते. तिला एवढंच शिकव की पोरगी शिकत नाही, सरकारी फेलोशिपवर काम करते, आणि महिन्याचा आकडा सांगायलाही हरकत नाही. आपल्याकडे आकड्यानं तोंडं बंद होतात. लग्नाची बोलणी सुरू झाली तर दोन वर्षं दुसऱ्या शहरात राहावं लागेल, हे पहिल्याच बैठकीत सांगायचं. सुपारी फुटल्यावर नाही. केंद्राच्या फेलोशिपमध्ये नियमाप्रमाणे प्रसूती रजा मिळते, हेही तुला माहीत असू दे. मार्गदर्शक तोंड वाकडं करतात म्हणून आपला हक्क सोडायचा नसतो.

पोळ्याच्या आत पाच पत्रं गेली पाहिजेत. पाचही वेगळी. मसुदे आधी मला दाखव. इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे, मी फक्त तारखा आणि आकडे तपासून देतो.